अर्धा अथर

मंत्रालयाची गाडी डोंगराच्या अलीकडेच थांबते.
पुढं पायी. खांद्यावर सेन्सरची पेटी, खिशात
तीन सह्यांचं पत्र:
आधी मस्कत, मग गव्हर्नरेट, मग वाली.
चौथी सही इथल्या वकिलाची.
हा वकील काळा कोट घालत नाही,
हा फलजचा वकील, खल्फान बिन मुहन्ना,
गावाच्या पाण्याची वही सांभाळतो.
पत्र न वाचताच त्यानं पट्ट्यात खोचलं.
आधी कहवा, म्हणाला, कागद कुठं पळून चाललाय!

डोंगराच्या पोटातून येणारी ती कालवी,
कोपरभर रुंद, आत काळे इवले मासे.
दिवसा काठीची सावली, रात्री तारे,
आणि ढग आले तर आता मोबाईल.
अर्धा तास म्हणजे एक अथर.
कुणाचे चार, कुणाचा पाव,
मशिदीचे दोन, वाटसरूंचा एक,
एक खुद्द फलजचा, लिलावाला,
त्यातून दगडमातीचा खर्च.

मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.
पांझरेकाठी आमचा फड. बंधाऱ्यावरून पाट,
पाटावर जागल्या, हातात कंदील,
कुणी रातोरात बारं फोडलं
तर सात पिढ्यांचा उद्धार.
हे खल्फानला सांगितलं.
हसून म्हणाला, शिव्या आमच्याकडेही आहेत,
फक्त वहीत लिहीत नाही.

अठरा रात्री सेन्सर जागा राहिला.
अहवालाचं नाव लांबलचक: शाश्वत ग्रामीण जलव्यवस्थापन, टप्पा दोन.
त्यात एक रकाना, गळती.
आणि आलेखात, दर नवव्या रात्री,
दोन पाळ्यांच्या मधे
पाव तास पाणी कुठंच जात नव्हतं.

कुठंच म्हणजे:
मोतालिब, सिल्हेटचा, शेख हमूदच्या बागेवरचा मजूर,
मध्यरात्री उठतो, दगडावरची फडक्यांची गुंडी काढतो,
पाणी एका पडीक तुकड्यात सोडतो.
तिथं खजुराची सात खोडं, शेंडा नसलेली.
पाव तासानं गुंडी परत लावतो, झोपतो.

कुणाचं हे, मी विचारलं.
सालिम बिन रुबय्याचं.
तो कुठंय?
झांझिबारला.
कधी गेला?
वकिलानं वहीची पानं मागं, मागं उलटली,
शाई तपकिरी झाली, मग फिकी,
मग बोट एका ओळीवर ठेवून म्हणाला,
येतो म्हणाला होता.

वालीच्या कचेरीत बैठक.
वाली तरुण, मंदीलाची घडी कडक,
प्रोजेक्टरवर माझा आलेख.
पाणी खाली चाललंय, म्हणाला, विहिरींनी डोंगर पोखरला,
आणि तुम्ही मेलेल्या झाडांना पाजता?
खरं होतं. माझेच आकडे होते.
खल्फान बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, साहेब, झाडांना नाही.
पाळी मोडली नाही, एवढंच.
आज याची मोडली, उद्या कुणाची मोडायची
ते ठरवायला मग तुम्हाला इथं यावं लागेल.
दर नवव्या रात्री.

वालीनं माझ्याकडं पाहिलं. अहवाल तुझा, तूच भर.

भाड्याच्या खोलीत, एसीच्या घरघरीत,
लॅपटॉपवर तो रकाना उघडा.
मालक: सरकारी, खासगी, वक्फ, इतर.
'इतर' निवडलं की वीस अक्षरांची जागा मिळते.
गावकरी त्याला एकच शब्द वापरतात, गाइब.
गैरहजर.
आमच्याकडं हाच शब्द आला तेव्हा
वाटेत काहीतरी सांडलं त्याचं:
गायब म्हणजे आता शोधायचंही नाही.

चौदा वर्षं झाली. फडातली माझी पाळी
धाकटा घेतो, की पाट आटला,
फोनवर हे कधी विचारलं नाही.
तो कांद्याचा भाव सांगतो, मी इथलं ऊन.

रकान्यात गाइब लिहिलं, त्यांच्या लिपीत, उजवीकडून.
गळती: शून्य.
मग शून्य खोडलं. आकडा आकडाच ठेवला,
खाली टीप टाकली,
मस्कतला ती कुणी वाचेल न वाचेल.

आज नववी रात्र आहे.
मोतालिबनं गजर लावला असेल.